मँडेटचा एक्सएमएल पडद्यावर: एका सहकारी बँकेतलं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातली एक नागरी सहकारी बँक. शाखा मोजक्या, बहुतेक तालुक्याच्या गावी. क्लिअरिंगचं सगळं काम मुख्य कार्यालयात. बँकेचं आणि माणसांचं नाव इथे घेतलेलं नाही. टॅगांची नावं मूळ इंग्रजीतली आहेत, ती देवनागरीत लिहिली आहेत.

कर्जाचा हप्ता, विम्याचा प्रीमियम किंवा एसआयपीची रक्कम खात्यातून दरमहा आपोआप वजा व्हावी म्हणून ग्राहक जी परवानगी देतो ते मँडेट. एनपीसीआय या देशातल्या पेमेंट महामंडळाच्या नॅच या ठरावीक वसुलीच्या व्यवस्थेत हे मँडेट एका बँकेकडून दुसऱ्या बँकेकडे जातं ते आयएसओ २००२२ या आर्थिक संदेशांच्या मानकातला एक्सएमएल संदेश म्हणून; एक्सएमएल म्हणजे माहितीचा प्रत्येक तुकडा नावाच्या टॅगमध्ये बंद करून लिहिण्याची पद्धत. नव्या मँडेटचा संदेश ‘पेन ००९’, त्यावरचं उत्तर ‘पेन ०१२’. इनवर्ड, म्हणजे दुसऱ्या बँकेकडून, मँडेट आलं की ऑपरेशन्सची माणसं खाते क्रमांक, नाव आणि सही जुळवतात आणि ते स्वीकारतात, नाहीतर कारण देऊन परत पाठवतात.

रोजच्या कामाला एक्सएमएल उघडून बघावा लागत नाही. बँकेच्या अंतर्गत पोर्टलवर खातं, नाव, रक्कम अशी चौकट भरून येते, त्यावर काम निघतं. प्रश्न येतो तक्रारीच्या वेळी. ग्राहक शाखेत येऊन म्हणतो, ‘मी साडेचार हजारांवर सही केली होती, नऊ हजार कसे गेले?’ अशा वेळी मूळ संदेशात रक्कम ‘कलेक्शन अमाउंट’च्या टॅगमध्ये आहे की ‘मॅक्स अमाउंट’च्या, हे बघितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. पहिल्याचा अर्थ दर वेळी तेवढीच रक्कम, दुसऱ्याचा अर्थ तेवढ्या मर्यादेपर्यंत कितीही. पोर्टलवरच्या चौकटीत मात्र दोन्ही ‘रक्कम’ या एकाच रकान्यात येत होत्या.

म्हणून मग आयटीला फोन. तिथला मुलगा सर्व्हरवर फाइल नोटपॅडमध्ये उघडणार, एका लांबलचक ओळीत ते मँडेट शोधणार, स्क्रीनशॉट मेल करणार. महिनाअखेरीला आयटी विभागाचा बराच वेळ यातच जायचा. ऑपरेशन्सच्या प्रमुख मॅडमनी पोर्टल सांभाळणाऱ्या छोट्या टीमकडे मागणी केली: मँडेटच्या पानावरच मूळ संदेश दाखवा. मी त्या टीमचा बाहेरचा सल्लागार होतो.

अडचण

वरकरणी अर्ध्या दिवसाचं काम. डेटाबेसमधून संदेश काढायचा आणि पानावर टाकायचा. टीममधल्या नव्या मुलाने तसंच केलं, आणि पडद्यावर आलं ते असं:

आरसीयूआरएमएनटीएच२०२१-०४-०५+०५:३०४५००.००

ब्राउझरच्या दृष्टीने पान एचटीएमएलचं, म्हणजे वेबपानांच्या भाषेतलं आहे. त्यात न ओळखीचा टॅग आला की तो तक्रार करत नाही. टॅग गिळतो आणि आतला मजकूर एकापुढे एक लावून दाखवतो. एक्सएमएलची सुरुवातीची घोषणा तर तो कॉमेंट समजून पूर्णच लपवतो. वरच्या ओळीत चार गोष्टी आहेत: वारंवार वसुली, दरमहा, पहिल्या वसुलीची तारीख आणि रक्कम. या मँडेटला शेवटची तारीख नव्हती, त्यामुळे पहिल्या तारखेला लागूनच रक्कम आली. तारखेच्या शेपटाला भारतीय वेळेचा ‘+०५:३०’ आहे आणि त्याला रक्कम चिकटली आहे. म्हणजे हप्ता साडेचार हजारांचा की तीन लाख चार हजार पाचशेचा, हे नुसतं बघून सांगता येत नाही. रक्कम स्थिर की कमाल हे ज्या टॅगवरून कळायचं तो टॅगच गायब. ज्या कामासाठी हे पान हवं होतं, नेमकं तेच होत नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात स्वस्त: ब्राउझरलाच काम करू द्यायचं. फाइल एक्सएमएल म्हणून पाठवली की क्रोम ती घड्या उघडता-मिटता येणाऱ्या झाडासारखी मांडतो; वर एक इंग्रजी ओळ येते की या फाइलला कुठलीही स्टाइल जोडलेली नाही. ही सोय जुनी आहे, १९९९च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५मध्येही अधिक-वजा चिन्हांचं असं झाड दिसायचं. पण मॅडमना संदेश मँडेटच्या पानावरच, फॉर्मच्या स्कॅन प्रतीशेजारी हवा होता. त्यासाठी आयफ्रेम (पानातली आतली चौकट) वापरून पाहिली तर पुन्हा तीच चिकटलेली ओळ. क्रोम हे झाड फक्त मुख्य खिडकीत दाखवतो, आतल्या फ्रेममध्ये नाही. टीमची एक सकाळ यात गेली, कारण वेगळ्या टॅबमध्ये तीच लिंक झकास चालत होती आणि सगळे सर्व्हरच्या सेटिंगला दोष देत बसले.

दुसरा पर्याय एक्सएसएलटी. १९९९पासूनचं मानक, एक्सएमएलला एचटीएमएलसारखं दुसरं रूप देण्यासाठी बनलेलं. टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा त्यावर हात बसलेला होता आणि त्याने संध्याकाळपर्यंत सुबक तक्ता करून दाखवला. तरी तो घेतला नाही. तो तक्ता पेन ००९साठी होता. पेन ०१२साठी दुसरा, रद्द करण्याच्या संदेशासाठी तिसरा, आणि ते सांभाळणारा माणूस एकच. शिवाय तक्त्यात तेच दिसतं जे लिहिणाऱ्याने निवडलं. तक्रारीच्या वेळी न निवडलेलंच काहीतरी बघायचं असतं. (पुढे २०२५मध्ये क्रोमने ब्राउझरमधल्या एक्सएसएलटीचा आधार काढून घेण्याचं जाहीर केलं. तेव्हा हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही नव्हतं, त्यामुळे त्याचं श्रेय घेण्यात अर्थ नाही.)

तिसरा पर्याय म्हणजे संदेशातली खास चिन्हं एस्केप करून (त्यांच्या जागी त्यांची सांकेतिक रूपं लिहून) तो ‘प्री’ टॅगमध्ये ठेवायचा, म्हणजे ब्राउझर त्याला मजकूर समजेल. यात क्रम महत्त्वाचा: आधी अँपरसँड (&) बदलायचा, मग कोनी कंस. उलट केलं तर कंसांच्या बदल्यात आलेले अँपरसँड पुन्हा बदलले जातात. एस्केप एकदाच करायचं हेही तितकंच महत्त्वाचं. आजकालचं टेंप्लेट इंजिन हे आपणहून करतं; त्यावर हातानेही केलं की पानभर ‘&एलटी;’ आणि ‘&जीटी;’ची रांगोळी दिसते.

चौथा पर्याय होता ब्राउझरमध्ये संदेश पार्स करून (टॅग आणि त्यांतल्या किमती वेगळ्या ओळखून) स्वतः झाड काढायचं. काम जास्त, ताबाही जास्त.

तिसऱ्या पर्यायावर एकमत झालं. फक्त एस्केप करून भागणार नव्हतं, कारण मूळ संदेश एकाच ओळीत येतो. तेव्हा इंडेंट करणारं, म्हणजे ओळी तोडून आत सरकवून मांडणारं छोटं फंक्शन लिहून पान सुरू केलं. ऑपरेशन्सची मंडळी खूश होती.

परत आलेली फाइल

काही आठवड्यांनी एका वित्तकंपनीकडून निरोप आला की तुमच्याकडून आलेली फाइल आमची सिस्टिम घेत नाही. बँकेने फाइल पाठवल्याची अधिकृत नोंद कुठेच नव्हती. शोध घेतल्यावर कळलं की एका मँडेटवरून दोन्हीकडच्या आकड्यांत फरक पडला होता आणि वित्तकंपनीच्या माणसाने ‘तुमच्याकडचा एक्सएमएल पाठवा’ असं सांगितलं होतं. इकडच्या क्लार्कने पानावरचा संदेश निवडला, कॉपी केला, नोटपॅडमध्ये टाकला, नाव दिलं आणि मेल केला. त्याच्या बाजूने हे अगदी साहजिक होतं. पडद्यावर जे दिसतं तीच फाइल, असं त्याला वाटलं, आणि पानावर तसं वाटू नये असं काही लिहिलेलंही नव्हतं.

त्या फाइलमध्ये संदेश क्रमांक असा होता:

<एमएसजीआयडी>
        (सव्वीस अक्षरी क्रमांक)
      </एमएसजीआयडी>

इंडेंट करणाऱ्या फंक्शनने प्रत्येक टॅग आणि प्रत्येक मजकूर वेगळ्या ओळीवर नेला होता. माणसाला हे वाचायला सुटसुटीत वाटतं. पण त्या मानकात संदेश क्रमांकाचा प्रकार ‘जास्तीत जास्त ३५ अक्षरं’ असा आहे, आणि तो साध्या स्ट्रिंगवर बेतलेला असल्यामुळे मोकळ्या जागाही अक्षरांतच मोजल्या जातात. हिशेब मांडला: ओळ तोडण्याचं १, पुढच्या जागा ८, क्रमांकाची २६, पुन्हा ओळ तोडण्याचं १, शेवटच्या टॅगआधीच्या ६. एकूण ४२. फाइल परत येणारच होती.

लांबीची मर्यादा आडवी आली म्हणून हे कळलं तरी. एखाद्या सैल तपासणीच्या सिस्टिमने ती फाइल घेतली असती तर नावाआधी आणि खाते क्रमांकाआधी मोकळ्या जागा घुसून तो डेटा पुढे गेला असता, आणि काही महिन्यांनी ‘नाव जुळत नाही’ म्हणून वसुल्या परत आल्या असत्या. एक्सएमएलवर डिजिटल सही असेल तर आणखी वेगळं दुखणं: सही पडताळण्याआधी जो प्रमाणित आकार दिला जातो त्यातही टॅगांमधल्या मोकळ्या जागा तशाच राहतात, त्यामुळे नुसतं इंडेंट केलं तरी सही अवैध ठरते.

याच सुमाराला दुसरी तक्रार. एका फर्मच्या नावात अँपरसँड होता. एक्सएमएलमध्ये तो ‘&एएमपी;’ असाच लिहावा लागतो आणि पानानेही मूळ संदेश तसाच्या तसा दाखवला. क्लार्कने सीबीएस या बँकेच्या मुख्य खाते-प्रणालीतल्या नावाशी ताडून पाहिलं, नावात चार अक्षरं जास्त दिसली, आणि नाव जुळत नाही या कारणाने मँडेट नाकारलं. पान तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. मुलांचं म्हणणं, ‘यात बग नाहीच.’ मॅडमचं म्हणणं, ‘अहो, मग ग्राहकाला मी काय सांगू, बग नाही म्हणून?’

निर्णयाचा टप्पा

बैठकीत आधी चर्चा भलतीकडेच गेली: पानावरून कॉपी करणं बंद करावं का? सीएसएसच्या (पानाच्या मांडणीच्या भाषेच्या) एका ओळीने मजकूर निवडता येणार नाही असं करता येतं. मी याच्या विरोधात होतो. कॉपी बंद केली की लोक मोबाइलने फोटो काढतात, आणि तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कुठे जातो याची नोंद राहत नाही. खाते क्रमांक असलेल्या पानाबाबत हे जास्त घातक.

खरा प्रश्न वेगळा होता. एकाच पानाकडून दोन कामं अपेक्षित होती. क्लार्कला अर्थ हवा होता: कुणाच्या खात्यातून, किती, कधीपासून. समोरच्या संस्थेला पाठवताना किंवा वाद झाला तर मूळ फाइल हवी होती, एकही बाइट न बदललेली. पहिल्या आवृत्तीने मधलंच काहीतरी दिलं, जे कच्चं दिसत होतं पण मूळ नव्हतं, आणि नीट वाचण्याजोगंही नव्हतं.

म्हणून चौथ्या पर्यायाकडे वळून दोन टॅब केले, ‘वाचण्यासाठी’ आणि ‘मूळ फाइल’. ‘मूळ फाइल’मध्ये इंडेंट नाही, रंग नाहीत. लांब ओळी पडद्याच्या रुंदीत वळवल्या तेवढ्या, तेही सीएसएसने. वर डाउनलोडचं बटण, आणि ते सर्व्हरवर आलेली फाइल जशीच्या तशी देतं, पडद्यावरच्या मजकुरातून नव्याने बनवत नाही. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण एकदा पार्स करून पुन्हा लिहिलेल्या एक्सएमएलमध्ये अवतरणचिन्हांचा प्रकार, रिकाम्या टॅगची पद्धत, ओळी तोडण्याची चिन्हं यांतलं काहीही बदलू शकतं. कोण, कधी, कुठली फाइल डाउनलोड करतो याची नोंदही सुरू केली.

‘वाचण्यासाठी’ टॅबमध्ये संदेश पार्स होतो, त्यामुळे फर्मच्या नावात साधा ‘&’ दिसतो. टॅगाशेजारी मराठी खुलासा: ‘डीबीटीआर: ज्याच्या खात्यातून रक्कम वजा होणार’, ‘मॅक्सएएमटी: कमाल मर्यादा, हप्ता यापेक्षा कमी असू शकतो’. टॅग काढून फक्त मराठी ठेवावं असा एक प्रस्ताव होता. मॅडमनी तो मोडीत काढला. समोरच्या बँकेशी फोनवर बोलताना टॅगचंच नाव घ्यावं लागतं, तिथे मराठी खुलासा कामाचा नाही.

पायऱ्यांसारखं इंडेंट दिसतं, पण ते सीएसएसमधल्या डाव्या पॅडिंगने; मजकुरात एकही जागा वाढवलेली नाही. किंमत नेहमी टॅगच्याच ओळीत. कुणी इथून कॉपी केलं तरी क्रमांकाभोवती मोकळ्या जागा चिकटत नाहीत.

इथे सुरक्षेचा एक मुद्दा वेळेत लक्षात आला. पार्स केल्यावर एस्केप केलेली चिन्हं पुन्हा खरी होतात. म्हणजे नावाच्या रकान्यात कुणी खोडसाळपणे एचटीएमएल घातलं असेल, तर एक्सएमएलमध्ये ते निरुपद्रवी दिसतं, पण पार्स झालेली किंमत इनर-एचटीएमएल (मजकुराला एचटीएमएल समजणारी पद्धत) वापरून पानावर टाकली की जिवंत होतं. ‘स्क्रिप्ट टॅग त्या मार्गाने चालत नाही’ असं टीममधला एक जण म्हणाला, आणि ते खरंही आहे. पण प्रतिमेचा टॅग आणि त्याचा एररवर चालणारा कोड चालतो. चाचणीच्या मँडेटमध्ये तसं नाव घालून दाखवल्यावर वाद मिटला. प्रत्येक किंमत टेक्स्ट-कंटेंटनेच, म्हणजे नुसता मजकूर म्हणून टाकायची असा नियम केला. सर्व्हरवर जिथे पार्सिंग होतं तिथे डीटीडी (एंटिटी, म्हणजे बदली मजकुराची नावं, फाइलमध्येच जाहीर करण्याची सोय) पूर्ण बंद केलं, कारण बाहेरच्या फाइलवर विसंबून त्यातल्या एंटिटी उलगडत बसायचं बँकेला काही कारण नाही.

मोडक्या फाइलचं काय, हेही ठरवावं लागलं. ब्राउझरचा डीओएम-पार्सर चूक सापडली तरी एक्सेप्शन फेकत नाही, ‘पार्सर-एरर’ नावाचा टॅग असलेला दस्तऐवज परत देतो. तो तपासला नाही तर पान शांतपणे अर्धवट किंवा रिकामं झाड दाखवतं. आता अशा वेळी ‘ही फाइल वाचता आली नाही, मूळ फाइल बघा’ असं ठळक लिहून येतं आणि दुसरा टॅब आपोआप उघडतो.

मोठ्या फाइलींचा विषय पटकन सुटला. एका फाइलमध्ये बरीच मँडेट असतील तर सगळ्यांचं झाड एकदम काढायचं नाही; प्रत्येक मँडेट मिटलेलं राहतं, उघडल्यावरच त्याचा आतला भाग तयार होतो.

काय झालं

आयटीकडे येणारे ‘फाइल उघडून द्या’चे फोन जवळजवळ थांबले. स्थिर रक्कम की कमाल मर्यादा, हा वाद शाखेतच मिटू लागला. शाखाधिकारी पडदा फिरवून ग्राहकाला मराठी खुलासा दाखवतात. त्यासाठी एक दुरुस्ती मागाहून करावी लागली: शाखेच्या लॉगिनला खाते क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात आणि ‘मूळ फाइल’चा टॅब दिसत नाही. ज्येष्ठ सहकाऱ्याची एक्सएसएलटीही वाया गेली नाही. महिन्याच्या अहवालाची छापील प्रत सर्व्हरवर त्यातूनच निघते, आणि तिथे ती शोभते.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीला मागणी ‘एक्सएमएल दाखवा’ अशी आली आणि सगळे दाखवण्याच्या तंत्रात शिरले. क्लार्कशेजारी एक दुपार बसून ‘हे बघितल्यावर तुम्ही पुढे काय करता?’ एवढं विचारलं असतं, तर कॉपी करून मेल करण्याची सवय तेव्हाच दिसली असती. ती सवय नोटपॅडच्या काळापासूनची होती. पानाने ती निर्माण केली नव्हती, फक्त तिच्या हातात बदललेली फाइल दिली.

दुसरं, चाचणीसाठी वापरलेली मँडेट फार सरळ होती. अँपरसँड असलेलं नाव, शेवटची तारीख नसलेलं मँडेट, रिकामा टॅग, मध्येच तुटलेली फाइल, ३५ अक्षरं पूर्ण भरलेला क्रमांक अशी पाच-सहा आडमुठी उदाहरणं पहिल्या दिवशी हाताशी असती तर इंडेंटचा घोळ बँकेबाहेर गेला नसता. ती आता टीमच्या चाचणीत कायमची आहेत.

‘रक्कम’ या एका रकान्याबद्दल माझं मत आजही टीमपेक्षा वेगळं आहे. रोजच्या चौकटीत स्थिर आणि कमाल असे दोन रकाने केले असते तर निम्म्या तक्रारींना मूळ संदेश उघडावाच लागला नसता, आणि ते काम या सगळ्यापेक्षा सोपं होतं. टीमचं म्हणणं असं की ती चौकट सीबीएस पुरवणाऱ्या कंपनीच्या ताब्यात आहे, तिथे बदलाची विनंती टाकून वाट बघण्यापेक्षा आपल्या हातातलं पान सुधारणं बरं. विनंती शेवटी टाकली, ती अजून प्रलंबित आहे. मराठी खुलाशांची यादीही एका साध्या फाइलमध्ये आहे आणि संदेशाची पुढची आवृत्ती आली की ती कुणी सुधारायची, ऑपरेशन्सने की टीमने, हे ठरलेलं नाही.